नोंद खरी, आरोपी खोटा

भुतांची मराठी यादी एकदा सलग वाचून पाहावी. मुंज झालेला मुलगा लग्नाआधी गेला तर तो मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. पैशाअडक्यात जीव अडकलेला ब्राह्मण समंध होतो. वेताळ तर भुतांचा राजाच, त्याची पालखी निघते. आता बायका पाहा. सवाष्ण गेली आणि तिची वासना राहिली तर जखीण. विधवा असेल तर लावसट. पोटुशी असताना गेली तर अळवंतीण. बाळंत होऊन दहा दिवसांच्या आत गेली तर हडळ. गावागणिक नावं थोडी इकडची तिकडं होतात, पण वर्गवारीचं तत्त्व बदलत नाही. पुरुषाचं भूत ओळखायचं ते मुंजीवरून, मालमत्तेवरून, अधिकारावरून. बाईचं भूत ओळखायचं ते नवऱ्यावरून आणि कुशीवरून.

या समजुती आपल्याकडे कागदावरही आलेल्या आहेत. अनंत कान्हेरे यांनी १९०९ मध्ये नाशिकला ज्याला गोळ्या घातल्या, तो कलेक्टर जॅक्सन लोकसमजुतींच्या नोंदी जमवत असे. त्या नोंदींना माहिती पुरवली होती ती मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांनी, आपापल्या गावात विचारपूस करून. जॅक्सनच्या मृत्यूनंतर एन्थोवेन या अधिकाऱ्यानं त्या संपादित केल्या आणि कोकणचा भाग १९१५ मध्ये छापून आला. तो चाळताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. बाईच्या भुतांच्या नोंदीत बाळंतपण पुन्हा पुन्हा येतं.

माझं म्हणणं असं की हडळ आणि तिच्या जगभरातल्या बहिणी म्हणजे बाळंतपणातल्या मृत्यूंची माणसानं ठेवलेली सगळ्यांत जुनी नोंद आहे. ती नोंद बऱ्याच बाबतींत अचूक आहे. चूक आहे ती आरोपीच्या नावात. तिथे दर वेळी बाईचं नाव घातलं गेलं, आधी मेलेल्या बाईचं आणि मग जिवंत बाईचं. ही चूक इतिहासजमा झालेली नाही, म्हणून तिच्याबद्दल बोलायला हवं.

आधी नोंदीचा खरेपणा. हडळीच्या बाबतीत दहा दिवसांचा हिशेब कशासाठी? प्रसूतीनंतर गर्भाशयात जंतुसंसर्ग होऊन जो ताप चढतो, त्यानं बाई दगावते ती बहुतेक याच दिवसांत. सुरुवातीला सगळं ठीक असतं, मूल पाजायला घेतलेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरते, पोट फुगतं, बाई बरळू लागते, डोळे फिरवते, केस मोकळे सोडून उठून पळू पाहते, कुशीतलं मूल ओळखत नाही. पाहणाऱ्याला वाटणारच की हिच्या अंगात दुसरंच कुणी शिरलं आहे. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४७ मध्ये इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि हे मृत्यू झपाट्यानं खाली आले. शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीपाशी येणाऱ्या डॉक्टरांच्या हातांवरून रोग येत होता. म्हणजे हा शोध लागून पावणेदोनशेच वर्षं झाली आहेत.

सटवाईची रात्रही तशीच. पाचवी-सहावीला दिवा विझू द्यायचा नाही, बाळाला एकटं ठेवायचं नाही, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, सटवाई येऊन कपाळी नशीब लिहून जाते. नेमके हेच दिवस का? विळ्यानं किंवा जुन्या पात्यानं नाळ कापली, वर राख किंवा शेण लावलं, की धनुर्वाताचे जंतू आत शिरत. आठवडाभरात, बरेचदा सहाव्या-सातव्या दिवसाच्या आसपास बाळ दूध ओढेनासं होई, जबडा बसे, अंग धनुष्यासारखं ताठ होई. घरच्यांच्या हाती काहीच उरत नसे. मातांना लस मिळू लागली, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, आणि २०१५ मध्ये भारतात प्रत्येक जिल्ह्यात नवजात धनुर्वाताचं प्रमाण हजार जन्मांमागे एकाच्याही खाली आल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं. म्हणजे आपल्या आजीपणजीनं घातलेला सहाव्या रात्रीचा पहारा बिनबुडाचा नव्हता. धोका कधी येतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. कुठून येतो, एवढंच ठाऊक नव्हतं.

आता मराठी मुलूख सोडून इराकात जाऊ. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात काशाची एक छोटी पाटी आहे, वीतभरही उंच नाही, ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातली. वरच्या ओळींत देवांची चिन्हं आहेत आणि प्राण्यांच्या तोंडांचे सात रक्षक. मधे खाटेवर आजारी माणूस आणि त्याच्या दोन बाजूंना माशाची कातडी पांघरलेले दोन मांत्रिक. सगळ्यांत खाली नदी, नदीत नाव, नावेत गाढव आणि गाढवावर गुडघा टेकलेली लमाश्तू. तोंड सिंहिणीचं, दोन्ही हातांत साप, आणि स्तनांना लागलेली दोन पिल्लं, एक डुकराचं, एक कुत्र्याचं. ही आकाशदेव अनूची मुलगी. बापानं तिला स्वर्गातून हाकलून दिलं. ती गरोदर बाईच्या पोटाला सात वेळा हात लावते आणि गर्भ मरतो. दाईचा वेश घेते, ‘आणा, मी पाजते’ म्हणते आणि बाळ नेते. विषारी दूध पाजायला आलेली आपली पूतना आठवल्याशिवाय राहत नाही.

लमाश्तूला घालवायला पझुझू नावाचा दुसरा राक्षस बोलवत. पण ताइतांवर तिच्याभोवती आणखी काही वस्तू कोरलेल्या दिसतात, आणि मला त्या या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. कंगवा. सूत काढायची चाती. कपड्याला लावायची टाचणी. ही लाच होती. हे घे आणि जा, आमच्या बाळाला सोड. राक्षसिणीला माणसांनी सोनं दिलं नाही, तलवार दिली नाही. घरातल्या कोणत्याही बाईच्या हाताशी असतं तेच तिच्यापुढं ठेवलं. हिला घर नाही, संसार नाही, मूल नाही, म्हणून ही आमच्या मुलांवर टपली आहे, हे त्या लोकांना आतून कळत होतं.

आणि जवळजवळ सगळीकडे तसंच दिसतं. ग्रीकांची लामिया मूळची लिबियाची राणी. देवांचा राजा झ्यूस याची तिच्यावर नजर पडली, त्याची शिक्षा त्याच्या बायकोनं, हेरानं, तिला दिली. तिची मुलं मारली. मग ती इतरांची मुलं मारत सुटली. झ्यूसला कुणी राक्षस म्हटलं नाही.

राजगृहाच्या हारीतीची कथा यापेक्षाही स्पष्ट आहे. बौद्ध विनयग्रंथात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, तिच्या आधीच्या जन्माची हकीकत येते. ती गरोदर होती, उत्सवाला निघालेल्या पाचशे लोकांनी तिला नाचायला लावलं, तिचा गर्भ पडला आणि ते तिला तिथंच टाकून पुढं निघून गेले. पुढच्या जन्मी या गावाची मुलं खाईन, अशी इच्छा तिनं तेव्हा धरली. पुढं ती पाचशे मुलांची आई झाली आणि राजगृहाची मुलं खाऊ लागली. बुद्धानं तिचं धाकटं मूल भिक्षापात्राखाली लपवलं. ती वेडीपिशी होऊन शोधू लागली, तेव्हा त्यानं तिला विचारलं, पाचशेतलं एक गेलं तर तुझी ही अवस्था, ज्यांची एकदोनच आहेत त्यांचं काय? ती थांबली. पण तिनं उलट विचारलं, मग माझी मुलं खातील काय? बुद्धानं वचन दिलं, विहारात रोज तुझ्या नावचं अन्न बाजूला काढलं जाईल. सातव्या शतकात आलेल्या यिजिंग या चिनी यात्रेकरूनं भारतातल्या विहारांत भोजनगृहापाशी, कडेवर मूल घेतलेल्या हारीतीची प्रतिमा असल्याचं लिहून ठेवलं आहे.

ती पाहायला लांब जायला नको. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात, गाभाऱ्याच्या उजव्या हाताच्या छोट्या देवळीत हारीती आणि तिचा नवरा पांचिक बसले आहेत. वरच्या बाजूला तिची कथा कोरली आहे, आधी बुद्धावर धावून जाणारी आणि मग शरण आलेली. पायथ्याशी मुलांची रांग आहे. तिथे गर्दी चित्रांपुढं असते, या देवळीपुढं फारसं कुणी थांबत नाही. थांबावं. मुलं खाणारीला मुलं राखायला बसवण्याचं धैर्य ज्या समाजानं दाखवलं, त्याला तिच्या दुःखाचं कारण ठाऊक होतं.

महाभारतातली जरा याच वाटेनं जाते. सभापर्वात बृहद्रथाच्या दोन राण्यांना अर्धं अर्धं मूल होतं, दाया ते चव्हाट्यावर टाकतात, मांस खाणारी जरा राक्षसी ते उचलते, तुकडे जुळवते आणि जरासंध रडू लागतो. ती मूल राजाला परत देते. जो मला मुलाबाळांसह भिंतीवर लिहील त्याच्या घराची भरभराट होईल, असंही सांगते. श्रावणात आपण भिंतीवर जिवतीचा कागद लावतो, अंगाखांद्यावर मुलं खेळणाऱ्या बाईचं चित्र, आणि म्हणतो ‘जरे जीवंतिके देवि’. लेकुरवाळ्या आया शुक्रवारी जिला फुलं, आघाडा, दूर्वा वाहतात आणि परगावच्या लेकरासाठी जिच्यापुढं चार दिशांना अक्षता टाकतात, तिच्या नावात एक राक्षसी आहे. मला याची लाज वाटत नाही, उलट अभिमान वाटतो. शुक्रवारच्या कहाणीत तर सटवी आणि जिवती समोरासमोर येतात. पाचवी-सहावीला मुलं दगावणाऱ्या घराच्या दारात पाहुणा आलेला मुलगा झोपला आहे, मध्यरात्री सटवी येते, वाटेत कोण पसरलं आहे म्हणते, आणि जिवती तिला अडवते, हे माझं नवसाचं बाळ आहे, ओलांडू द्यायची नाही. मारणारीही बाई आणि राखणारीही बाई. पण त्याच कहाणीत राणीशी संगनमत करून गरीब ब्राह्मणीचं मूल पळवणारी आणि तिच्यापुढं वरवंटा ठेवणारी एक सुईण आहे. ती देवी नाही की राक्षसी नाही, गावातली बाई आहे. संशय देवळातून गल्लीत उतरतो तो इथे.

हे उतरणं वैद्यकाच्या ग्रंथांतही दिसतं. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात मुलांना पछाडणारे नऊ ग्रह आहेत, त्यांत शकुनी, रेवती, पूतना, अंधपूतना, शीतपूतना, मुखमंडिका अशी बायकांची नावं जास्त. महाभारताच्या वनपर्वातही असाच मेळा आहे, आणि मूल सोळा वर्षांचं होईपर्यंत यांची भीती, नंतर याच कल्याण करतात असं तिथे सांगितलं आहे. इथवर बोट अदृश्य शक्तींकडे आहे. पण काश्यपसंहिता या बालवैद्यकावरच्या जुन्या ग्रंथाच्या रेवतीकल्प या भागात जातहारिणी येते, जन्मलेलं हिरावून नेणारी, आणि चित्र बदलतं. गर्भ किंवा मूल कुठल्या टप्प्यावर जातं यावरून तिथे तिचे प्रकार केले आहेत, कुठला बरा होईल, कुठला होणार नाही, याचीही विभागणी आहे. निरीक्षण म्हणून ते थक्क करणारं आहे. एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञानं आज ते वाचलं तर वारंवार होणारे गर्भपात, दिवस भरून मेलेलं मूल, जन्मल्यावर काही दिवसांत गेलेलं मूल, असे टप्पे ओळखीचे वाटतील. पण ही जातहारिणी घरात येते कशी? ग्रंथ सांगतो, धर्म सोडलेल्या बाईला ती धरते, आणि मग संपर्कातून पसरते. कुणाच्या संपर्कातून याची लांब यादी आहे. वेगवेगळ्या जातींच्या स्त्रिया, कारागीर बाया, भिक्षुणी, तापसी. म्हणजे दारावर येणारी, घर नसलेली, नवऱ्याच्या सावलीत नसलेली बाई. रोगाचं निरीक्षण इतकं बारकाईनं करणाऱ्या हातानं त्याच पानांवर संशयितांची यादी लिहिली, याचं मला फार वाईट वाटतं. डाकीण या आरोपाची मुळं मला इथे दिसतात.

सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर, बाईला डाकीण ठरवण्याचे प्रकार अजून घडतात. मूल आजारी पडतं, गुरं मरतात, भगताकडे विचारणा होते आणि नाव निघतं. बहुधा एकट्या बाईचं. त्यात जमिनीचे वाद असतात, भाऊबंदकी असते, हे खरं आहे आणि लपवायचं कारण नाही. पण ठिणगी पुष्कळदा मुलाच्या दुखण्याचीच असते. झारखंडच्या छुटनी महतो यांच्यावर १९९५ मध्ये आळ आला तो शेजारची मुलगी आजारी पडली म्हणून. आसामच्या बिरुबाला राभा यांच्या आजारी मुलाबद्दल मांत्रिकानं सांगितलं होतं की हा तीन दिवसांत मरणार. तो मेला नाही, आणि त्या बाईनं उरलेलं आयुष्य डायन ठरवलेल्या बायकांना वाचवण्यात घालवलं. दोघींना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

आपल्याकडे कायदा आहे. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला, त्यानंतर आधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा, पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. एखादी व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे रोगराई येते, असं पसरवणं हा गुन्हा आहे. भूत उतरवण्यासाठी मारहाण करणं, साखळीनं बांधणं हाही गुन्हा आहे. या कायद्यासाठी लढताना एका माणसाचा जीव गेला, त्याची अंमलबजावणी कडकच हवी. पण कायदा आरोप झाल्यावर धावतो. आरोप जन्माला येतो त्या रात्री तो तिथे नसतो.

इथे दोन मतांशी माझं पटत नाही. पहिलं, या गोष्टी सांगणंच बंद करा, भीती आपोआप जाईल. भीती गोष्टीतून येत नाही, उत्तर न मिळालेल्या मृत्यूतून येते. ज्या शहरी घरांत बाळंतिणी आणि बाळं सुखरूप घरी येतात, तिथे हडळ आता मालिकेपुरती उरली आहे, आणि ते काम प्रबोधनाइतकंच लशीनं, रक्तपेढीनं आणि निर्जंतुक कात्रीनं केलं. राज्याचा मातामृत्यूदर २०१८-२० च्या आकडेवारीत लाख जन्मांमागे ३३ होता, देशाचा ९७. आकडा समाधानाचा आहे, पण जिथून गरोदर बाईला अजून झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं, त्या पाड्याला सरासरीचा काय उपयोग?

दुसरं मत नव्या पिढीत लोकप्रिय आहे. राक्षसीण म्हणजे बंडखोर बाई, तिला मिरवा. लिलिथचं असं झालं. मध्ययुगातल्या एका ज्यू ग्रंथात ती आदमची पहिली बायको आहे, मी तुझ्याखाली झोपणार नाही म्हणून ती निघून जाते. अमेरिकेतल्या ज्यू स्त्रीवाद्यांनी १९७६ मध्ये तिच्या नावानं नियतकालिक काढलं. त्यामागची ऊर्मी मला कळते आणि तिचा आदरही वाटतो. पण लिलिथचा त्याहून जुना पुरावा इराकात घरांच्या जमिनीत पालथ्या पुरलेल्या मातीच्या वाडग्यांत आहे. आतून गोल गोल अक्षरं लिहिलेली, काही वाडग्यांत तर लिलिथला रीतसर काडीमोड दिलेला, नाव घेऊन, आमच्या घरातून चालती हो. ज्या घरानं हा वाडगा पुरला, तिथल्या आईला लिलिथचं बंड दिसत नव्हतं. तिला आधीचं गेलेलं मूल दिसत होतं. राक्षसिणीचा झेंडा करताना ते मूल आपण पुन्हा एकदा विसरतो, आणि मला ते मान्य नाही.

मग करायचं काय? नंदुरबार भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आई आणि वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. एकाच घरात एकामागून एक लेकरं सांधे धरून रडतात, फिकट पडतात, एखादं जातं. शेजारच्या घरात काही नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा शापच वाटणार. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बापाचा पॉझिटिव्ह असेल, आणि त्यासाठीचं अँटी-डी इंजेक्शन दिलं गेलं नाही, तर पहिलं मूल ठणठणीत आणि पुढची पोटात किंवा जन्मताच जाऊ शकतात. जातहारिणीच्या वर्णनात बसावं असंच हे आहे. दोन्हींचं निदान साध्या रक्ततपासणीनं होतं.

बाळंतीण दगावली की आरोग्य कर्मचारी घरी जाऊन काय घडलं ते विचारून घेतात, कधी त्रास सुरू झाला, गाडी कधी मिळाली, कुठल्या दवाखान्यातून कुठं पाठवलं. बालमृत्यूंचाही आढावा घेतला जातो. ही माहिती घरातून वर जाते. तिचं उत्तर त्याच घरात परत आलं पाहिजे, भिली, पावरी या तिथल्या बोलींत, ओळखीच्या माणसाच्या तोंडून, कागदावरच्या इंग्रजी शब्दात नव्हे. तुमचं मूल या आजारानं गेलं, हा रक्तातून येतो, यात कुणाचा हात नाही, पुढच्या वेळी तिसऱ्या महिन्यात ही तपासणी करू. दवाखान्याची चूक असेल, रुग्णवाहिका आली नसेल, रक्त मिळालं नसेल, तर तेही तितक्याच स्पष्टपणे सांगावं, कारण ते लपवलं की दोष पुन्हा शेजारच्या म्हातारीवर जातो. आशाताईंना हे सांगायचं प्रशिक्षण द्यावं, त्यासाठी वेगळं मानधन द्यावं, आणि पोलीसपाटलाला सोबत न्यावं. भगत त्याच रात्री घरात असतो, घरच्यांच्या भाषेत बोलतो आणि त्याच्याकडे नाव तयार असतं. आरोग्य खात्याचं माणूस त्याच्या आधी पोचायला हवं.